दहावीच्या वर्गात सरांनी शिंगं कशी घालावीत

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात मी दहावीला, म्हणजे इकडच्या एसएसएलसीला, गणित शिकवतो. आजूबाजूच्या गावांतले तरुण शिक्षक हल्ली फोन करून विचारतात, "सर, एसएसएलसीच्या पोरांसाठी तुम्ही ते शिंगं घालायचं सोंग करता, ते आमच्यातही करायचंय. कसं करायचं?" पाच मिनिटांच्या फोनवर ते सांगून होत नाही. अर्धवट सांगितलं तर माझ्या हातून झाली तीच चूक त्यांच्या हातून होईल, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

शिक्षकानं पोरांसाठी असं सोंग घेण्याची रीत अमेरिकेत चांगली रुळलेली आहे. तिथं 2002 साली 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' हा कायदा आला. तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचनाची आणि गणिताची दरवर्षी चाचणी सक्तीची झाली आणि शाळेची किंमत त्या गुणांवर ठरू लागली. चाचण्या जवळ आल्या की तिथले मुख्याध्यापक मुलांना शब्द देतात. गुण वाढले तर डुकराचा मुका घेईन, शाळेच्या छतावर रात्र काढीन, डोकं भादरून घेईन, नाहीतर तुम्हीच मला चिकटपट्टीनं भिंतीला चिकटवा. हे वाचून मला हुरूप आला आणि त्या वर्षी मी भर वर्गात सांगून टाकलं, "निकाल शंभर टक्के लागला तर मी मिशी काढणार."

पोरं खूश झाली. घरी आईला कळलं तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "तुझा बा जिता हाय की अजून. मिशी कशाला काढतोस?" आमच्याकडं मिशी आणि डोकं कधी उतरतं हे मला काय ठाऊक नव्हतं? पण परदेशातली गोष्ट उचलताना ते डोक्यातच आलं नाही. हा पहिला धडा. सोंग आपल्या गावात काय अर्थ घेऊन उभं राहील ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा.

दुसरा धडा महागात पडला. निकाल लागला, 34 पैकी 33 पास. एक मुलगा राहिला, तोही माझ्याच विषयात. पारावर पोरं त्याला म्हणाली, "तुझ्यामुळं सरांची मिशी ऱ्हायली रं." त्यांनी मजेनंच म्हटलं असणार. पण पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला तो मुलगा आला नाही. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. दुसऱ्यांदा तो भेटला तंबाखूच्या वखारीत, पोती उचलताना. माझ्याकडं न बघता म्हणाला, "सर, मिशी काढा की तुम्ही. माझ्यामुळं नको ऱ्हायाला." पुढच्या वर्षी तो बसला आणि पास झाला. पण मधलं एक वर्ष त्याचं गेलं, आणि ते माझ्या पैजेनं गेलं.

म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा. सोंग गुणांना बांधायचं नाही. शंभर टक्के निकालाला तर अजिबात नाही, कारण तिथं एका पोराच्या मानेवर सगळ्या वर्गाचं ओझं येतं. सोंग बांधायचं ते पोराच्या हातात असलेल्या कामाला: किती पानं सोडवली, किती चुका स्वतः शोधून दुरुस्त केल्या.

हे मी अनुभवानं शिकलो, पण याचा मोठ्या प्रमाणावर अभ्यासही झालेला आहे. रोलंड फ्रायर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं तिथल्या मोठ्या शहरांतल्या शाळांमध्ये मुलांना बक्षीस म्हणून पैसे देऊन पाहिले. 2011 साली ते प्रसिद्ध झालं. न्यूयॉर्कमध्ये चाचणीतल्या गुणांबद्दल पैसे दिले, तर गुण काही हलले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना एक पुस्तक वाचून त्यावरची छोटी चाचणी पास केली की दोन डॉलर मिळत. तिथं मुलांचं वाचून समजणं सुधारलं. फ्रायर यांचं म्हणणं असं की मुलांना बक्षीस हवं असतं, पण गुण वाढवायला नेमकं काय करायचं तेच त्यांना माहीत नसतं. आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारं पोर बघितलं की हे पटतं. त्याला "जास्त गुण आण" म्हणणं आणि "पाऊस पाड" म्हणणं सारखंच. "आज एक पान सोडव" हे मात्र त्याला जमतं.

आता भीती शोधायची. डिसेंबरात, एसए-वन म्हणजे सहामाही परीक्षा झाल्यावर, मी मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या देतो. नाव घालायचं नाही, फक्त लिहायचं की कुठला पेपर आठवला की पोटात गोळा येतो. 2024 पासून परीक्षा केंद्रांवर कॅमेरे लावून वेबकास्टिंग सुरू झालं. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 83.89 टक्क्यांवरून 73.40 वर उतरला, आणि तेव्हापासून चिठ्ठ्यांत भीती जास्त दिसते. मला वाटलं होतं, सगळे गणित लिहितील. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर होतं, कन्नड. एका चिठ्ठीत लिहिलं होतं, "वाचता येतं. बोलता पण येतं बाजारात. लिहिताना खालचं अक्षर कुठलं ते कळत नाही आणि मॅडम काय म्हणतील म्हणून विचारत नाही."

ही चिठ्ठी नीट वाचा. पोराला कन्नड येत नाही असं नाही. आपल्या सीमाभागात मराठी घरातलं पोरगं बसच्या कंडक्टरशी, भाजीवालीशी कन्नडच बोलतं. त्याला भीती आहे ती चुकण्याची, तेही चारचौघांत. 625 गुणांच्या परीक्षेत भाषा तीन, आणि त्यातल्या एका भाषेत ते वर्षभर तोंड मिटून बसलेलं असतं. तेव्हा आपलं सोंग या भीतीवर नेम धरून असलं पाहिजे. रंगीत टोपी घालून नाचलात तर पोरं दहा मिनिटं हसतील आणि पुन्हा तोंड मिटतील.

मी काय केलं ते सांगतो. कन्नडच्या मॅडमना भेटलो. त्या गोकाककडच्या, मराठी त्यांना समजतं पण बोलताना लाजतात. त्यांना विचारलं, पुढच्या सराव परीक्षेत मी पोरांबरोबर कन्नडचा पेपर लिहू का? आणि माझा पेपर पोरांनीच तपासायचा, लाल पेननं. मॅडम आधी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पोरं माझ्या भाषेला हसणार नाहीत ना?" हा प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारा, आणि सोंगाचा विचार सोडायचा की नाही ते त्यावर ठरवा. सीमाभागात भाषेवरून माणसं किती लवकर दुखावतात हे इथं कुणाला सांगायला नको. हसायचं ते सरांच्या चुकीला; भाषेला नाही, ती बोलणाऱ्याला नाही. मॅडम वर्गात उभ्या राहणार असतील तरच करायचं, नाहीतर दुसरं काहीतरी शोधायचं.

शनिवारी सकाळी मी तिसऱ्या बाकावर बसलो. खऱ्या परीक्षेसारखं सगळं केलं. पहिली 15 मिनिटं फक्त प्रश्नपत्रिका वाचायला, मग लिहायचं. 80 गुणांचा पेपर. पत्रलेखन, निबंध, कविता पूर्ण करा, व्याकरण. शेजारच्या मुलीनं मला खोडरबर दिला नाही, "सर, परीक्षेत मागायचं नसतं" म्हणाली. निबंधापर्यंत माझ्या हाताला घाम आला होता. तीस वर्षं या जिल्ह्यात नोकरी केलेला माणूस मी, पण लिहायची वेळ कधी आलीच नव्हती, आली की मॅडमना सांगायचो.

सोमवारी चार पोरांनी फळ्याजवळ बसून माझा पेपर तपासला. एका प्रश्नात वाक्य तयार करायचं होतं. मी लिहिलं होतं, 'ननगे पुस्तक कोडु', म्हणजे मला पुस्तक दे. आपल्या मराठीत ओ एकच. कन्नडमध्ये ऱ्हस्व ओ वेगळा आणि दीर्घ ओ वेगळा, आणि दीर्घाला शेवटी एक जादा आकडा लागतो. तो आकडा मी सवयीनं घातला होता. ऱ्हस्व ओ असेल तर 'कोडु' म्हणजे दे. दीर्घ असेल तर शिंग. तपासणारी मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नाही. ती उठली आणि म्हणाली, "सर, तुम्ही शिंग लिवलंय. मला पुस्तक शिंग."

सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या. मीही हसलो, आणि मग त्या मुलीला फळ्यावर दोन्ही अक्षरं मोठी काढायला लावली. तिनं काढली. दुसऱ्या एकानं 'अक्कि' काढून दाखवलं, तांदूळ. त्यात दुसरा क खाली जातो, पण वेलांटी वरच्या क लाच लागते, म्हणून आमची पोरं तिथं हटकून चुकतात. अर्धा तास माझ्या चुकांवर तास चालला. मला पडले 43. त्या दिवशी पहिल्यांदा तीन पोरांनी मॅडमना मधल्या सुट्टीत स्वतःहून शंका विचारल्या.

शिंगांचं सोंग तिथून आलं. पोरांनीच ठरवलं, बरणी भरली की सरांनी शिंगं घालून गणिताचा तास घ्यायचा.

बरणीचं सांगतो, कारण निम्मं काम तिचं आहे. काचेची सरळ उभी बरणी घ्या, आणि चिंचोके. एक पान सोडवलं, ते उत्तरांशी ताडून पाहिलं, आणि आपली चूक आपणच लाल शाईनं खाली दुरुस्त केली की एक चिंचोका बरणीत. बरोबर उत्तराला चिंचोका नाही, दुरुस्तीला आहे. सगळंच बरोबर आलं तर एक अवघड प्रश्न शेजाऱ्याला समजावून सांगायचा, मग चिंचोका. नावांचा तक्ता भिंतीवर लावू नका. पहिला नंबर काढणाऱ्या पोराचा आणि पासिंग पॅकेजवर, म्हणजे पास होण्यापुरत्या नेमक्या प्रश्नांवर, भिस्त असलेल्या पोराचा चिंचोका बरणीत पडला की ओळखू येत नाही. तेच हवंय.

बरणी किती मोठी? इथं गणिताचा तास करून घ्या. आमची बरणी आतून त्रिज्या 5 सेंमी, उंची 18 सेंमी. पोरांनी वृत्तचितीचं घनफळ काढलं, सुमारे 1414 घन सेंमी. प्रयोगशाळेतलं 100 मिलीचं चंचुपात्र भरून चिंचोके मोजले, 85 बसले. म्हणजे बरणीत बाराशेच्या आसपास. 34 मुलं, दर मुलामागं आठवड्याला सहा पानं, सहा आठवडे: 1224. जमलं. तुमची बरणी मोठी असेल तर आठवडे वाढवू नका, छोटी बरणी आणा. सहा आठवड्यांपलीकडं पोरांचा दम टिकत नाही. शिवाय जानेवारी-फेब्रुवारीत उसाची तोड जोरात असते, काही पोरं घरच्यांबरोबर फडात जातात. त्यांच्यासाठी पानं घरी पाठवायची आणि त्यांचे चिंचोके परत आल्यावर टाकायचे. एक मुलगा दहा दिवसांनी आला तो दप्तरातून नऊ पानं काढत. उसाच्या पात्यानं बोटं चिरली होती, पानावर तसे डाग होते. मी ते पान अजून ठेवलंय.

शिंगं करायला खर्च नाही. वह्यांच्या गठ्ठ्याबरोबर जाड पुठ्ठा येतो तो गुंडाळून सुळका करायचा, आत कागदाचे बोळे दाबून भरायचे म्हणजे मोडत नाही. कपाळपट्टी जुन्या चामडी पट्ट्याची. आपल्या भागात कर्नाटकी बेंदूर, बैलांचा सण, ज्येष्ठ पौर्णिमेला होतो, तेव्हाचे गोंडे आणि बेगड बऱ्याच घरांत माळ्यावर असतं, पोरं आणतात. कुणी बैलाच्या शिंगांच्या टोकाला घालायच्या शेंब्याही आणेल, पितळेच्या. त्या जड असतात, डोक्यावर टिकत नाहीत, परत पाठवा. शिंगांवर एका बाजूनं 'दे' आणि एका बाजूनं 'शिंग' ही दोन्ही कन्नड अक्षरं लिहायची. तो आकडा तिथं पोरांच्या डोळ्यांसमोर पूर्ण तास राहतो. मॅडमनी स्वतः ती अक्षरं काढून दिली, लाल रंगानं, अगदी सुंदर.

करायच्या आधी मुख्याध्यापक सरांना सांगा आणि पालकसभेत दोन वाक्यांत बोला. न सांगता केलंत तर संध्याकाळपर्यंत गावात वेगळीच गोष्ट जाते. आमच्या सभेत एका आजोबांनी विचारलं, "मास्तरनं शिंगं घातली तर पोरं मान ठेवतील काय?" मी त्यांना त्या दिवशी वर्गात येऊन बसायला सांगितलं. ते आले, शेवटपर्यंत बसले.

काही सोंगं करूच नका. पुरुष शिक्षकानं साडी नेसून बाईची नक्कल करणं हे गॅदरिंगमध्ये चालतं म्हणून वर्गात आणू नका. समोर मुली बसलेल्या असतात आणि हसू त्यांच्यावर जाऊन पडतं. कुणाच्या जातीच्या धंद्याचं, देवाचं, व्यंगाचं सोंग नको. म्हैस, डुक्कर, कोंबडी काही आणू नका, जनावराला त्रास होतो आणि लक्ष तिकडंच जातं. खायच्या पैजा नकोत. आणि पोराला कधीही सोंगात ओढू नका. "तू चुकलास म्हणून तू शिंगं घाल" असं एकदा जरी तोंडून गेलं तर सगळं मातीत गेलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं या दोन्हीला बंदी आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. शिंगं सरांचीच.

मोबाइल त्या दिवशी सगळ्यांचे ऑफिसात, शिक्षकांचेही. व्हिडिओ बाहेर गेला की वर्गाची गोष्ट जगाची होते, आणि लाजऱ्या पोराचा चेहरा कुठंकुठं फिरतो.

प्रत्यक्ष सोंगाला फार वेळ लागत नाही. शिंगं घालून वर्गात या, पोरांना हवं तेवढं हसू द्या. पहिली पाच मिनिटं तुम्ही बोललेलं काही ऐकू येणार नाही, वाट बघा. मग सरळ खडू घ्या आणि गणित शिकवा, पूर्ण तास. आमच्याकडं त्या दिवशी त्रिकोणमिती होती. झाडाची उंची काढायच्या उदाहरणात एकानं विचारलं, शिंगासकट माणसाची उंची धरायची का? तेच उदाहरण घेतलं. पुढं पूर्वतयारी परीक्षेत त्या नमुन्याचा प्रश्न आला तेव्हा बऱ्याच पोरांनी आकृती काढली, आणि आकृती काढली की निम्मं उदाहरण सुटतं.

सोंग पूर्वतयारी परीक्षेच्या आधी उरकून घ्या. शेवटच्या पंधरा दिवसांत काही नको. तेव्हा पोरांना झोप, जेवण आणि शांत मास्तर लागतो. पेपरच्या दिवशी मी सकाळी बसथांब्यावर उभा असतो. हॉल तिकीट आहे का बघतो, दोन जादा पेनं आणि पाण्याची बाटली जवळ ठेवतो. घाबरलेलं पोर तोंडावरून कळतं, त्याच्याशी पेपराबद्दल बोलायचं नाही, घरी न्याहरीला काय केलं होतं ते विचारायचं. आणि वर्षात एकाहून जास्त परीक्षांची सोय आहे हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवायचं. पहिल्या परीक्षेत राहिला तर दुसरी आहे. निकालाच्या दिवशी राहिलेल्या पोराच्या घरी त्याच संध्याकाळी जा, फॉर्म बरोबर घेऊन. मी त्या मुलाकडं गेलो तोवर आठवडा उलटला होता.

निकालानंतर बरणी रिकामी करून चिंचोके धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळवा, नाहीतर पावसाळ्यात भुंगा लागतो. जूनमध्ये नववीतून वर आलेल्या पोरांना ते मोजायला द्या. आमचे यंदा 1187 भरले, बाकीचे बहुतेक बाकाखाली आहेत.